सांगलीच्या बाईंनी मला पसंत केलं

माझी बायको हौसा गेली त्याच्या आदल्या दिवशी आमी दोघं जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत होतो. म्हंजे शिवत ती होती, मी सुई ओवून देत होतो. "आवं, सुई हिकडं हाय! वाऱ्यात काय ओवताय?" म्हणाली. वाकळ अर्धीच राहिली.

मग माझं बोलणंच बंद झालं. (भांडायला माणूसच न्हाई, बोलू कुणाशी?) शेजारचा तुकाराम माझ्या पोराला, दत्ताला म्हणाला, "म्हाताऱ्याला सोबत पायजे रं." आणि लगोलग सून म्हणाली, "मामा, दाढी करा, चांगली कापडं घाला. सांगलीला एका बाईंकडं जायचंय. मोकळं बोला, लाजू नका."

आता मी काय समजायचं? ह्या वयात दुसरं लगीन!

हौसाच्या जागी कुणी येणार न्हाई. आमचं पलूस गाव सोडायच्या आत ठरवलं, स्थळ मोडायचं!

सांगलीला पोरगा बाहेर बसला, मला आत धाडलं. खोलीत बाई एकट्याच. चहा दिला. (बघायचा कार्यक्रम, दुसरं काय!) म्हणाल्या, "आजोबा, इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. तुमच्याबद्दल सांगा."

"मी तंबाखू खातो."

"बरं."

"कुठंबी थुंकतो. घोरतो तर असा, की म्हस दावं तोडून पळती!"

"हं. अजून?"

(बाई लय चिवट!) "एक कान बंद हाय. दुसरा बायकोचं ऐकत न्हाई!"

बाई हसल्या. "हे सगळं आजी कसं सहन करायच्या?"

"ती करायची, बाई. दुसरं कोण करंल?" म्हणालो, आणि रडूच फुटलं. बाईंनी कागदी रुमालांचं खोकं पुढं सरकवलं. नाक शिंकरत शिंकरत सगळी हौसा सांगितली, पार अर्ध्या वाकळेपर्यंत.

"छान बोललात. पुढच्या मंगळवारी या."

म्हंजे पसंत! बाहेर येऊन भर माणसांत पोरावर ओरडलो, "दत्ता, मला हे लगीन मान्य न्हाई!"

"आवं आबा, कसलं लगीन? त्या समुपदेशन करत्यात! मन हलकं व्हावं म्हणून आणलंय तुमाला!"

"मग आधी सांगायचं न्हाई? सगळ्या खोडी सांगून बसलो की!"

"त्येच तर सांगायचं असतंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी वाकळ बाहेर काढली. सुई मीच ओवली. (सुनेनं ओवली.) न्याहारीपर्यंत एक कड शिवून ऐटीत उठलो, तर वाकळ बी माझ्यासंगं उठली. धोतर शिवलं होतं!

सून हसत हसत कात्री आणाय पळाली. म्हटलं, "राहू दे गं. मंगळवारी असाच जातो. बघू तरी, आता बी पसंत करत्यात का!"