स्टेशनावर बसवलेला माणूस

लेख वाचून झाला की मॅडम आधी बोटाच्या पेराने कॉम्प्युटरच्या काचेवर टकटक करत. मग कान पुढे करून विचारत, "आत कोनी आहे का?"

मला हसू यायचं. त्या म्हणायच्या, "हासू नको. वाचनारा असाच येते. दार वाजवते. आतून कोनी ओ दिली नाही का चालला दुसऱ्याच्या घरी. माऊस त्याच्या हातात आहे, त्याले काय लागते?"

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. मॅडम मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. आमच्या भागातल्या आणि भाग सोडून गेलेल्या मराठी माणसांसाठी आम्ही काही जणांनी एक वेबसाइट काढली होती. काली पुतली चौकाजवळ माझा कॉम्प्युटर क्लास होता. दुपारी विद्यार्थी नसत, तेव्हा मॅडम येऊन खुर्ची ओढत आणि आमचे लेख दुरुस्त करत.

दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा वरचं कापणं. लांजीच्या एका गुरुजींनी मोहफुलांच्या महत्त्वावर लेख पाठवला होता. मॅडमनी पहिली दोन पानं उडवली. "महत्त्व नको सांगू म्हना. मोह वेचाले कोन गेली, तिच्या टोपल्यात काय होतं, ते सांगा. महत्त्व वाचनारा आपलं आपन काढते." गुरुजी महिनाभर रुसले. पण त्या लेखाखाली पहिल्यांदाच लोकांनी चार शब्द लिहिले.

असं शिकवणारं एखादं माणूस तुमच्याही ओळखीचं असेल. शब्द ते आपले कापतं, आणि लेख आपलाच राहतो.

मी कटंगीकडच्या छोट्या, म्हणजे नॅरोगेज लाईनीवरच्या एका ओसाड स्टेशनावर लेख लिहिला होता. रूळ कधी टाकले, गाड्या कुठवर जात, सगळं होतं. मॅडमनी काच वाजवली. "कोनी नाही आत. कोनाले तरी बसव तिथं."

"तिथं कुत्रंसुद्धा नसतं, मॅडम."

त्यांनी डोळे मिटले आणि त्या सांगू लागल्या. मी टाइप करत गेलो. 'बाकाच्या टोकाला एक म्हातारा बसला आहे. अंगात मरून रंगाचा बायकी स्वेटर. स्वेटरचं एक बटण शर्टाचं आहे, पांढरं.'

"असा कोणी आहे?" मी विचारलं.

"नाही रे. पन एखादी बारीक गोष्ट दिसली का मानूस आत येते."

माणसं खरंच आली. पुण्याहून, मस्कतहून लोकांनी लिहिलं. कोणाला आपले आजोबा आठवले, कोणाला ती गाडी. मग एकाने लिहिलं, 'परवा मोटारसायकलने तिथून गेलो. बाबा बसले होते.' दुसऱ्याने लिहिलं, 'मीही पाहिले. हाक मारली, पण बोलले नाहीत.'

"लोकं मजेत काहीही लिहितात," मी म्हणालो. मॅडम हसल्या नाहीत. त्या दिवशी लवकर घरी गेल्या.

पुढच्या आठवड्यात भरदुपारी एक बाई क्लासमध्ये आली. पस्तिशीची असेल. कटंगीजवळच्या खेड्यातून बसने आली होती. तिच्या दिराने तुमसरच्या कॅफेत तो लेख वाचून तिच्यासाठी छापून आणला होता.

"हे कोनं लिहिलं?"

मॅडम म्हणाल्या, "मी सांगितलं. काहून?"

"माहे बाबा आहेत हे. कुठं पाह्यलं तुम्ही? सच्ची सांगा."

तिचे वडील भातकापणीच्या दिवसांत घरून निघून गेले होते, त्याला काही वर्षं झाली होती. भाऊ म्हणत होते, आता दिवस करून टाकू. ती करू देत नव्हती. रोज त्यांचं ताट वाढत होती.

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी तिला जवळ बसवलं. "माय, मी बनवलं ते. असं कोनी नाही तिथं. वाचनाऱ्यांसाठी बनवलं."

"बनवलं?" ती म्हणाली. "आईचं स्वेटर होतं ते. आई गेल्यावर बाबाच घालत. बटन तुटलं, तं मीच शर्टाचं लावून देल्लं. तुम्ही बटन कसं बनवलं?"

मॅडमनी तिच्या हातातला कागद घेऊन ती ओळ पुन्हा वाचली.

आम्ही तिघं त्या स्टेशनावर गेलो. पडकी खोली, सिमेंटचा बाक, आजूबाजूला भाताची धसकटं. ती बाकावर बसली नाही. समोर जमिनीवर बसली. "बाबा काय करून राह्यले आता?"

"मले काही दिसत नाही, माय."

"मंग तवा कसं दिसलं?"

त्यानंतर ती दर बाजाराच्या दिवशी तिथं यायची आणि मॅडमनी यावं म्हणून निरोप धाडायची. मॅडम जायच्या. मी सोबत जायचो. तिने विचारावं, मॅडमनी मान हलवावी, आणि आम्ही परत यावं. मी एकदा म्हणालो, "मॅडम, काहीतरी सांगून टाका. तिचं समाधान होईल."

"आता मी एक अक्षर बनवनार नाही," त्या म्हणाल्या.

पौषातली दुपार होती. ऊन चांगलं होतं, तरी बाकापाशी गारवा वाटत होता. तिने नेहमीसारखं विचारलं. मॅडमनी मान हलवायला सुरुवात केली आणि त्या मधेच थांबल्या. हळूच म्हणाल्या, "उठले."

मी बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा होता.

तिने विचारलं, "पायात काही आहे?"

"काही नाही."

"चला बाबा," ती बाकाकडे पाहून म्हणाली आणि पदर सावरून उभी राहिली. "घरी चला."

तिला रस्त्यावर बसमध्ये बसवून आम्ही बालाघाटला निघालो. वाटेत मी विचारलं, "मॅडम, हेही बनवलंच ना?"

"बनवलं असतं तं बरं झालं असतं," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहत बसल्या.

महिन्याभरात निरोप आला, तिने भावांना वडिलांचे दिवस करू दिले. मॅडम क्लासमध्ये येत राहिल्या, पण काच वाजवणं सुटलं. लेखात कोणी एखादी बारीक खूण घातली की घाबऱ्या आवाजात विचारायच्या, "हे कोनाचं आहे? त्याले विचारलं का?" पुढे त्या गोंदियाला बहिणीकडे गेल्या आणि तिकडेच वारल्या. वेबसाइटही बंद पडली.

आता नवी मुलं मला विचारतात, मोबाईलवर वाचणाऱ्याला लेखात ओढायचं कसं? मी मॅडमचं सगळं सांगतो. भाषण कापा, माणूस आणा, बारीक गोष्ट दाखवा. पौषातल्या त्या दुपारी स्टेशनावरून रस्त्यापर्यंत आलो ती पायवाट मात्र सांगत नाही.

त्या पायवाटेवर मॅडम आणि ती बाई पुढे होत्या, मी मागे. दोघींच्या मधे एका माणसाएवढी जागा होती. समोरून एक सायकलवाला आला. त्या मोकळ्या जागेतून तो सहज गेला असता. त्याने घंटी वाजवली, पाहिलं, सायकलवरून उतरला आणि सायकल हातात धरून बांधाखालच्या धसकटांतून वळसा घालून गेला.