रेघ मारलेली सतरावी ओळ

नील आणि सई,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू आत्याचं रजिस्टर आता का लिहीत नाहीस?" मी विषय बदलला. पण पुढच्या आठवड्यात ते रजिस्टर तिच्याकडे मालवणला जाणार आहे, म्हणून त्याआधी लिहून ठेवते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही ठेवावासा वाटत नाही.

वैदेहीआत्या तिथे बंदरावर मुशी आणि पाकट, म्हणजे शार्क आणि ते चपटे मासे, मोजते. जाळ्यात गाभण मादी जिवंत सापडली, तर कोळ्यांना समजावून परत समुद्रात सोडायला लावते. तिच्या ओल्या वहीच्या पानांचे फोटो मला अकोल्याला यायचे. शेजारची कमल फोनमधले आकडे मोठ्याने वाचायची, मी रजिस्टरात उतरवायची, मग लाल पेन्सिलची खूण. कमलने वाचल्याशिवाय खूण नाही — हा माझा नियम.

एका दुपारी पडताळताना सतरावी ओळ दिसली : पाकट, मादी, रुंदी ७४ सेंमी, उजव्या पंखाला अर्धगोल खाच, जिवंत, सोडली. अक्षर माझं. लाल खूणही होती. फोटोत मात्र सोळाच नोंदी.

पहिला संशय कमलवर.

"तू मनानं काही वाचलंस का गं?"

"मी काहून वाचीन, बाई? मले तं मासा पाह्यला का मळमळते. तुमालेच डुलकी लागली असन."

आत्याला फोन केला. ती म्हणाली, "आई, न पाहिलेला मासा नोंदीत आला तर माझं सगळं काम बाद होईल. तू... डॉक्टरांना दाखवतेस का?"

मी त्या ओळीवर रेघ मारली आणि रजिस्टर मिटलं. नोकरीत आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका तपासल्या, आता माझ्याच डोक्याचा भरवसा उरला नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी तिचा फोन. मागे बंदराचा गलका. "आई, ती ओळ वाच."

वाचली.

"टेप चौऱ्याहत्तरवर आहे. खाच उजवीकडेच. पोटात पिल्लं आहेत, पण हे कोळीकाका विकायचीच म्हणतायत."

"मी 'सोडली' लिहिलंय, वैदू," मी म्हणाले. "त्यांना तसंच सांग."

तिने सांगितलं. त्यांनी सोडली.

माझं समाधान करायला ती खोटं बोलली असेल, असाही संशय आला. फोटो मागवला. खाच होती, त्या सकाळची वेळही होती. डॉक्टरांना माझ्यात काही दोष सापडला नाही. उलगडा मला अजून झालेला नाही, आणि त्यानंतर रजिस्टरात लिहायला माझा हात धजला नाही.

रेघेखालची ती ओळ अजून स्वच्छ वाचता येते. शेजारी लाल खूण आहे.