मास्कचा विसावा

आज मनवेलपाड्यातल्या औषधवाल्याने गोळ्या खाकी कागदी पिशवीत दिल्या. तिच्या कोरड्या वासाने सकाळपासून मला एका जागी बसू दिलेलं नाही.

करोनात माझी ताई नर्स होती. चांदीप गावातल्या आमच्या ओटीवर अशाच पिशव्या दोरीला टांगलेल्या असत, प्रत्येकीत तिचा एकेक वापरलेला एन-९५ मास्क. पाच दिवस तो तसाच कोरडा ठेवायचा, मग पुन्हा लावायचा. आईला ते पटत नसे. एका दुपारी ती पिशवी काढून मोरीकडे निघाली.

“धुतल्याबिगर तोंडाला लावतं का कोन?”

“आई, पानी लागलं की तो वाया गेला. त्याला नुसता विसावा पायजे.”

“त्याला पाच दिस विसावा. आनि तुला गं?”

“मला धुतलं तरी चालतं!”

मी पोट धरून हसलो. रात्रपाळी करून आलेल्या ताईला पुन्हा बोलावणं आलं होतं. ती नुकतीच न्हाली होती.

पुढच्याच महिन्यात त्याच आजाराने ताई गेली. त्या दुपारी मला आईचं भांडण मास्कसाठी वाटलं होतं. ताई पुन्हा कामावर निघाली, तशी पदराने तिचे ओले केस पुसत आई फाटकापर्यंत मागोमाग चालत गेली. ताई थांबली नाही.