मोरी कुठे गेली

स्वयंपाकघर नवं केलं तेव्हा कोपऱ्यातली मोरी आम्ही फोडून टाकली. तिथे आता कपडे धुण्याचं मशीन घुमतं. भांड्यांसाठी ओट्यातच चकचकीत सिंक बसवलंय आणि बाथरूमलाही नव्या टाइल्स लावल्यात. आईला खाली बसून घासावं लागत नाही, म्हणून तीही खूश आहे. पण जेवणं झाली की अजून म्हणते, "ताटं मोरीत ठेवा रे."

"आई, सिंक म्हण," मी सुरुवातीला वैतागून म्हणायचो. मग लक्षात आलं, चुकत कुणीच नाही. ताटं बरोबर सिंकमध्ये जातात. "मोरीत पाय धुऊन ये," म्हटलं की माणूस बाथरूमकडे वळतो. मळके मोजे मोरीत टाक म्हटलं की ते मशीनपाशी पोचतात. कोपऱ्यातली एक मोरी आम्ही काढली, तर ती घरभर झाली. जिथे म्हणून मळ उतरतो आणि पाणी वाहतं, ती आईची मोरी.

काल आई मावशीकडे राहायला गेली. रात्री जेवायला बसलो. माझं जेवण झालं तशी बायको म्हणाली, "ताट मोरीत ठेव हं."

सिंक तिनंच पसंत केलं होतं.

मी ताट उचललं. कुठे ठेवायचं, ते विचारावं लागलं नाही.