भट्टरुंच्या फळीवर आई

आई गेल्यानंतर चौथ्या महिन्यात बाबांचे एक मित्र भेटायला आले. बाबांच्याच कारखान्यात, त्यांच्याच विभागात ते इंजिनिअर होते. पहिल्या दिवसांत गावाला असल्यामुळे त्यांना येता आलं नव्हतं. आजाराची चौकशी झाली, चहा झाला. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ते म्हणाले, "वहिनींची एक गोष्ट मी अजून लोकांना सांगतो. भट्टरुंनी त्यांच्यापुढचा डोसा उचलून टाकला होता ना, ती! काय शिस्त हो त्या माणसाची. आता अशी माणसं नाहीत."

आणि बाबा हसले. चार महिन्यांत पहिल्यांदाच मोकळेपणानं हसले.

मी कपबशा उचलून आत गेले. पाहुण्यांसमोर बोलणं मला कधीच जमलेलं नाही. लिहिणं जमतं, तेही सावकाश. म्हणून लिहिते आहे.

भट्टरुंची खोली कानडी मुलखातल्या आमच्या शहरात, शिवाजीनगरच्या बाजारामागे एका गल्लीत होती. तिला हॉटेल म्हणणं चुकीचं ठरेल. एक मोठा लोखंडी तवा, त्याच्यासमोर भिंतीपासून भिंतीपर्यंत दगडी फळी, फळीला लागून बाक. बारा माणसं बसायची. भट्टरु सकाळी सहाला तवा तापवायचे आणि पीठ संपलं की दार लावून घ्यायचे, मग बाहेर कोणी का उभा असेना. डोसा ते एकेकच घालायचे. नारळाच्या हिरांच्या केरसुणीनं तव्यावर पाणी मारायचं, पुसायचं, पीठ फिरवायचं, लोण्याचा गोळा सोडायचा. तयार झालेला डोसा सरळ समोरच्या माणसाच्या पानावर. तो लगेच खायचा. बोलायचं नाही, चटणी पुन्हा मागायची नाही, दोघांत एक घ्यायचा नाही, बांधून न्यायचा नाही. एका मोठ्या अधिकाऱ्याला त्यांनी वर्तमानपत्र वाचतो म्हणून उठवलं होतं, असं सगळे सांगत. सांगताना सगळ्यांना आनंद व्हायचा. ज्याला उठवलं त्याला काय वाटलं, हे कोणी सांगत नसे.

बाबा दर रविवारी तिथे जायचे. घरी येऊन त्या डोशाचं वर्णन करायचे. कडा कशा कुरकुरीत, मध्ये कसा लुसलुशीत, लोणी कसं वितळताना दिसतं. आई तेव्हा स्वयंपाकघरात आमच्यासाठी काहीतरी करत असायची. एकदा ती म्हणाली, "अहो, मला एकदा दाखवा ना तो. मला कोणी तव्यावरचं वाढलेलं आठवतच नाही."

गाऱ्हाणं नव्हतं ते. हसत म्हणाली होती. पण तिनं बाबांजवळ स्वतःसाठी मागितलेली मला माहीत असलेली ती एकच गोष्ट. आमच्याकडे ती शेवटी बसायची. पहिली पोळी बाबांना, मग मला, मग आला-गेला. ती बसेपर्यंत चूल विझलेली असायची.

मी सोळा वर्षांची होते. वर्ष पंचावन्न-छप्पन्न असेल. त्या रविवारी आम्ही तिघं मल्लेश्वरमहून बसनं निघालो. आईनं हिरवं इरकली लुगडं नेसलं होतं. बाबांनी बसमध्ये तिला सगळे नियम समजावून सांगितले.

"बोलायचं नाही बरं का तिथे."

"नाही बोलणार."

"सांबार मागू नकोस. तो देतच नाही."

"मी कशाला मागते? मंगळसूत्र चालतं ना, का तेही काढून ठेवायचं?" आई म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की पुढच्या बाईनं वळून पाहिलं.

एक गोष्ट बाबांनी सांगितली नाही. ती त्यांना सुचलीच नाही.

दारात अर्धा तास उभं राहिल्यावर जागा मिळाली. भट्टरुंनी बोटानं दाखवलं तसे बसलो. तव्याजवळ आई, मग मी, शेवटी बाबा. फळीवर बाकी सगळे पुरुष होते. बाबांचे हे मित्र पलीकडच्या टोकाला बसले होते. त्यांनी मान हलवली, बोलले नाहीत.

पहिला डोसा आईच्या पानावर आला. मी तिच्याकडे पाहिलं. ती डोशाकडे पाहत होती. लोण्याचा गोळा हळूहळू एका बाजूला घसरत होता. तिनं हात मांडीवरच ठेवले होते. मग मला आला. मी मोडायला लागले, कारण मला भूक होती आणि नियम माहीत होता. बाबांचा अजून तव्यावर होता. आई थांबली होती.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. एकोणीस वर्षांत तिनं नवऱ्याआधी घास तोंडात घातला नव्हता. आणि बाबांना हे माहीत नव्हतं. त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, कारण त्यांचं पान नेहमी आधीच वाढलेलं असायचं.

बाबांचा डोसा त्यांच्या पानावर पडला. आईनं त्यांचा पहिला घास होईपर्यंत वाट पाहिली आणि उजवा हात पुढे केला. तेवढ्यात भट्टरुंचा हात आला आणि त्यांनी तिचं पान उचललं.

तिला वाटलं, ते आणखी चटणी घालताहेत. ती हात आडवा धरून हसत म्हणाली, "साकु, साकु." तिला येणारे चार-पाच कन्नड शब्द, त्यांतला हा एक. पुरे.

भट्टरुंनी पान डोशासकट मागच्या बादलीत टाकलं.

"आरि होयतु," ते म्हणाले. गार झाला. मग बाहेरच्या रांगेकडे बघत, "एळी." उठा.

आवाज चढवला नाही. फळीवर कोणीतरी नाकातून हसलं. आईला क्षणभर कळलं नाही, ती माझ्याकडे पाहायला लागली. मग कळलं. तिनं पदर सावरला, पाण्याच्या भांड्याला हात लागू न देता बाकावरून पाय बाहेर काढले आणि गेली. तिच्या जागी लगेच एक मनुष्य येऊन बसला.

बाबांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग त्यांनी डोसा खाल्ला. सगळा.

आम्ही बाहेर आलो तेव्हा आई एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. "झालं का तुमचं?" असं तिनं आम्हाला दोघांना मिळून विचारलं. बाबा म्हणाले, "मी तुला सगळं सांगितलं होतं." ती म्हणाली, "हो, माझंच चुकलं." बसमध्ये बाबाच जास्त बोलले. भट्टरुंना अन्नाचा अपमान सहन होत नाही, खरा कलावंत असा असतो, वगैरे. घरी येऊन तिनं पिठलं टाकलं आणि बाबांना पहिलं वाढलं.

अन्नाचा अपमान! एक धड डोसा बादलीत गेला तो अपमान नव्हे, आणि एका बाईनं नवऱ्यासाठी दोन मिनिटं हात आवरला तो मात्र अपमान. या माणसाचं मी बारा वर्षं कौतुक ऐकते आहे. तो कडक होता म्हणतात. समोर बसलेलं माणूस का थांबलं आहे एवढं ज्याला बघता येत नाही, त्याला तवा उत्तम कळत असेल, बाकी काही कळत नव्हतं.

पुढे बाबांनी रविवार सोडला नाही. आई परत कधी गेली नाही. तिला कोणी चल म्हटलंही नाही. मी नोकरीला लागल्यावर घरी डोसे घालून तिला आधी बसवायचा प्रयत्न केला. ती एक तुकडा मोडायची आणि म्हणायची, "सर तू, मी घालते." आणि उठायची.

त्या संध्याकाळी मित्र गेल्यावर मी बाहेरच्या खोलीत आले. बाबा खुर्चीत होते.

"तुम्ही का नाही उठलात?" मी विचारलं.

कशाबद्दल ते त्यांना विचारावं लागलं नाही. खोटं बोलणारा माणूस नाही तो.

"माझाही गार झाला असता गं," ते म्हणाले.

बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण माझ्याही पानावर त्या दिवशी काही उरलं नव्हतं. आईची जागा रिकामी झाली तेव्हा माझा अर्धा डोसा बाकी होता. मी तो खाली मान घालून संपवला. तितका चांगला डोसा मी आजपर्यंत पुन्हा खाल्लेला नाही.