काकूंच्या बाकांचा नकाशा

सर्व्हेअरकाका पावलं मोजत चालायचे. मनातल्या मनात नाही, चांगले ओठ हलवत. शेजारून चालताना तुम्ही त्यांना ऑफिसातलं राजकारण सांगा, पोराचे मार्क सांगा, ते "हं, हं" करत ऐकणार आणि दार आलं की म्हणणार, "दोनशे बारा. म्हणजे एकशे साठ मीटर. हं, तू काय सांगत होतीस?" सुरुवातीला मला असा राग यायचा! आपण एवढं पोटतिडकीनं बोलतोय आणि हा माणूस पावलं मोजतोय. पण गंमत म्हणजे त्यांनी सगळं ऐकलेलंही असायचं. आठवड्याने जिन्यात भेटले की विचारायचे, "मग त्या तुझ्या मॅनेजरचं काय झालं पुढे?"

दोह्यात अल सद्द भागात आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. ते तिसऱ्या मजल्यावर, मी आणि माझा नवरा सुहास पाचव्या. काकांची अख्खी नोकरी जमीन मोजण्यात गेली, म्हणून सगळी मराठी मंडळी त्यांना सर्व्हेअरकाकाच म्हणायची. त्यांचं खरं नाव मला चार वर्षांनी कळलं, तेही पार्सलवर वाचून. त्यांच्यापुढे एक शब्द चुकूनही काढायचा नाही, तो म्हणजे "जवळच". कुणी म्हणालं, "काका, पार्किंग जवळच आहे," की काका थांबलेच. "जवळच म्हणजे किती? तुला जवळ की मला जवळ? अंदाज घरी ठेवून यायचं." सुहास मुद्दाम म्हणायचा, "जवळच आहे हो काका," आणि माझ्याकडे बघून डोळा मारायचा.

दोह्याला लागून उभ्या राहिलेल्या नव्या लुसैल शहरात त्यांच्या गाडीत बसून जाणं ही एक शिक्षाच होती. आज तिथे टॉवर आहेत, ट्राम आहे, पण काकांना त्यातलं काही दिसायचंच नाही. त्यांना दिसायची रेती. "हा चौक आहे ना, इथे माझी मोजणीची खुंटी होती. सकाळी ठोकायची, दुपारी वारा यायचा, संध्याकाळी खुंटी रेतीत गडप. दुसऱ्या दिवशी यल्ला, चला, पुन्हा पहिल्यापासून." तीच गोष्ट मी किमान वीस वेळा ऐकली असेल. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, तुमची खुंटी आता त्या मॉलच्या तळघरात असेल." ते एवढे खूश झाले, की घरी गेल्यावर त्यांनी ते काकूंना दोनदा सांगितलं.

काकू म्हणजे काकांच्या अगदी उलट. कमी बोलणार, आणि बोलतानाही हातातलं विणकाम सुरूच. बाहेर पंचेचाळीस डिग्री तापलेलं असायचं आणि या बाई सोफ्यावर बसून लोकरीचे स्वेटर विणायच्या! आमच्या ओळखीतल्या प्रत्येक बाळाला काकूंचा स्वेटर मिळायचा. इथे घालायचा कुठे, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "एसीत घाला." त्यांचे गुडघे मात्र पार गेले होते. हृदयाचं दुखणं असल्यामुळे डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हणून सांगितलेलं. चाकाच्या खुर्चीचं नाव काढलेलं त्यांना चालायचं नाही. "त्या खुर्चीत बसलं की मी गाव बघत नाही, गावच मला बघतं," म्हणायच्या.

काकांना बोटीच्या सफरीचं वेड होतं. गुडघेवाल्यांसाठी हीच एक सहल, असं त्यांचं म्हणणं. खोली तुमच्याबरोबर फिरते, सामान उचलायला नको, रोज सकाळी नवं गाव दारात. म्हणून ते काकूंना नॉर्वेच्या सफरीला घेऊन गेले. गाव दारात यायचं हे खरं, पण दारातून उतरून पुढे चालायला लागायचंच. काकू एकदाही उतरल्या नाहीत. प्रत्येक बंदरात त्या म्हणायच्या, "तुम्ही जाऊन या," काका जाऊन यायचे आणि मग दोन-दोनशे फोटो दाखवायचे.

त्या वर्षी गणपतीत कुणीतरी सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, नॉर्वे कसं काय वाटलं?"

"डेकवरून छान दिसत होतं," काकू म्हणाल्या.

सगळे खो-खो हसले. मीही हसले. काका हसले नाहीत. प्रसादाची वाटी हातात धरून ते तसेच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात हजर. "मेधा, माझी फायनल एक्झिट वर्षावर आली. एकदा कायमचे नाशिकला गेलो की कुठली बोट आणि कुठलं काय. त्याआधी मला हिला एक तरी गाव पायांनी चालवून दाखवायचंय. तुम्ही दोघं येता का बरोबर?" आम्ही हो म्हटलं. त्यांचा तो चेहरा बघून नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

मग काकांनी मोजायला घेतलं, ते काकूंनाच! लुसैलच्या मॉलमध्ये रोज संध्याकाळी काकू पुढे, काका मागे. काकू कुठे थांबतात ते ते वहीत लिहायचे. दोन महिन्यांनी निकाल लागला: गुळगुळीत फरशीवर नव्वद मीटर, मग बसायला लागतं. दगडी रस्त्यावर पन्नास धरायचे. त्यानंतर ते कॉम्प्युटरवर बसून बाल्टिक समुद्राकाठची बंदरं रस्त्या-रस्त्याने बघू लागले आणि कुठे बाक आहे ते हुडकू लागले. नकाशावर चर्च नाहीत, राजवाडे नाहीत, फक्त बाकं. लाल ठिपका म्हणजे पाठ टेकता येणारं, निळा म्हणजे नुसतं. बाक नसेल तिथे कॅफे, तोही नसेल तर बसण्याजोगी पायरी. चौथ्यांदा सुधारलेला नकाशा त्यांनी आमच्या टेबलावर पसरला, तेव्हा सुहाससुद्धा थट्टा करायची विसरला.

जूनमध्ये कोपनहेगनहून बोट निघाली. पहिलं गाव हेलसिंकी, आणि नकाशा अगदी चोख निघाला. काका पुढे जाऊन बाक धरायचे, त्यावर पेपर टाकून उभे राहायचे. काकू माझा हात धरून तिथवर यायच्या, बसायच्या, दम घ्यायच्या. मग पुढचं बाक. असं करत आम्ही बंदराजवळचा अख्खा बाजारचौक पार केला. काका घामाघूम झालेले, पण चेहरा बघा! बोटीवर परतल्यावर त्यांनी मोठ्या हौसेने विचारलं, "काय गं, कसं वाटलं?"

काकूंनी थोडा विचार केला. "बाकं चांगली आहेत हो इथली."

मला हसू आवरेना. काकांना मात्र त्यात काही खटकलं नाही. "आहेतच!" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एस्टोनियातलं तालिन. काकांनी सगळ्यात जास्त मेहनत या गावावर घेतली होती, कारण जुन्या गावात सगळा दगडी रस्ता. दोन बुरुजांच्या वेशीपाशी टॅक्सीतून उतरायचं, तिथून मुख्य चौकापर्यंत बसायच्या सात जागा. काका नेहमीसारखे पहिलं बाक धरायला पुढे गेले. सुहास त्यांच्याबरोबर गेला. मी काकूंना म्हटलं, "एक मिनिट हं काकू," आणि बुरुजांचा फोटो काढायला वळले. एकच फोटो. फार तर तीन. मागे बघते तर काकू नाहीत!

मी जोरात हाक मारली. काका धावत आले. बासष्ट वर्षांचा माणूस त्या दगडांवरून अक्षरशः धावत आला. "कुठे गेली? अगं, पन्नास मीटरच्या पुढे तिला जमत नाही!" ते मला ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. आम्ही फुलांच्या दुकानांपाशी बघितलं, कॅफेत बघितलं. नकाशावरचं प्रत्येक जवळचं बाक काकांनी पालथं घातलं. "पडली असेल कुठेतरी," एवढंच पुटपुटत होते.

काकू बाकावर नव्हत्याच. गावाच्या जुन्या तटाला लागून एक गल्ली होती आणि तिथे भिंतीला टेकून लोकरीच्या कपड्यांच्या टपऱ्या होत्या. एका टपरीत, विकणाऱ्या म्हातारीच्या स्टुलावर काकू बसल्या होत्या. म्हातारी शेजारी उभी. काकूंच्या हातात तिच्या सुया, आणि काकू तिला चक्क मराठीत विचारत होत्या, "थांब बाई, हा टाका उलटा घेतलास की सुलटा? पुन्हा दाखव." म्हातारी तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि काकूंच्या बोटांवर बोटं ठेवून तिने पुन्हा दाखवलं.

"अगं!" काका धापा टाकत म्हणाले. "अगं, या गल्लीत एकही बाक नाही!"

काकूंनी वर बघितलं. "हे बघा, हातमोज्याच्या काठाला ही वेणी घालतात ना, ती मी दोन वर्षं मोबाईलवर बघतेय. त्यातल्या बाईचे हात फार पटापट चालतात, मला टाका कळतच नाही. ती वेणी इथलीच. मला हेच बघायचं होतं."

"मग आधी सांगायचंस की!"

"तुम्ही विचारलंत कुठे?" काकू म्हणाल्या. चिडून नाही, अगदी सहज. आणि पुन्हा सुयांकडे वळल्या.

मग म्हातारीनेच काकांकडे बघितलं, लोकरीची एक लड उचलली, त्यांना दोन्ही हात पुढे करायला लावले आणि ती लड त्यांच्या मनगटांत अडकवून गुंडा करायला घेतला. हात असे अडकल्यावर नकाशा धरणार कसा? तो त्यांनी माझ्याकडे दिला. तासभर काका तसेच उभे होते. काकूंचा टाका तीनदा चुकला, चौथ्यांदा जमला. जमला तेव्हा त्या लहान पोरीसारख्या हसल्या, आणि काका त्यांच्याकडे बघतच राहिले. मुख्य चौक आम्ही कुणीच बघितला नाही.

संध्याकाळी डेकवर चहा घेताना काका मला म्हणाले, "वेशीपासून एकशे सत्तर मीटर आहे ती टपरी. न बसता गेली." मग म्हणाले, "मी हिचे गुडघे मोजले, रस्ता मोजला, सगळं मोजलं. पस्तीस वर्षं हिला मी दाखवत आलोय, हे बघ, ते बघ. तुला काय बघायचंय, हे एकदाही विचारलं नाही गं मी." डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. दुसरं काय करणार?

स्टॉकहोमला सकाळी नाश्त्याला त्यांनी विचारलं, जरा अवघडूनच, "आज काय बघायचंय तुला?" काकूंनी बराच वेळ घेतला. मग म्हणाल्या, "इथल्या बायका भाजी कुठे घेतात, ते." आम्ही टॅक्सी करून एका मोठ्या भाजीच्या दुकानात गेलो. कोथिंबीर जुडीत नाही, छोट्या कुंडीत मातीसकट विकायला ठेवलेली! काकूंना ते इतकं आवडलं, की कुंडी हातात घेऊन त्या दुकानभर फिरल्या. काका ढकलगाडी ढकलत मागे. या वेळी ओठ हलत नव्हते. मी मुद्दाम बघितलं.

त्या ऑक्टोबरात ते कायमचे नाशिकला गेले. विमानतळावर काकूंनी मला हातमोजे दिले, काठाला वेणी घातलेले. दोह्यात! काका म्हणाले, "तुझी आई येणारेय ना डिसेंबरात, दरवर्षीसारखी? यादी तयार असेल तुझी."

"आहे की. सूक वाकिफचा बाजार, म्युझियम, समुद्रकाठचं कॉर्निश, सगळं."

"यादी राहू दे. आधी तिला विचार."

हो हो म्हटलं आणि विसरले. आई आली, मी तिला तीन दिवस तीन ठिकाणी हिंडवलं, ती प्रत्येक ठिकाणी "छान आहे गं" म्हणाली. चौथ्या दिवशी सकाळी मला काका आठवले. चहा ओतता ओतता विचारलं, "आई, तुला काय बघायचंय इथे?"

आईने आधी माझ्याकडे बघितलं, मी चेष्टा करतेय का म्हणून. मग म्हणाली, "तुझं ऑफिस दाखवशील?"

"ऑफिस? त्यात काय बघायचंय?"

"बघायचंय मला."

शुक्रवार होता, इथला सुट्टीचा दिवस. वेस्ट बेमधला आमचा टॉवर रिकामा. गार्डला हिंदीत समजावून मी तिला एकविसाव्या मजल्यावर नेलं. खिडकीतून समुद्र दिसतो, तो मी मोठ्या उत्साहाने दाखवला. आई तिकडे वळलीसुद्धा नाही. ती माझ्या खुर्चीत बसली. एसीचा झोत डोक्यावर येतो का ते तिने हात वर करून बघितलं. डबा कुठे ठेवतेस विचारलं, मी खण दाखवला, तो तिने उघडून बघितला. टेबलावरून हात फिरवला. अकरा वर्षं ती दर हिवाळ्यात इथे येत होती. अकरा वर्षांत मी तिला सगळं दोहा दाखवलं होतं.

"इथूनच करतेस ना मला दुपारचा फोन?" तिने विचारलं.

"हो."

"बरं झालं बाई. इतकी वर्षं नुसता आवाज यायचा. आता फोन आला की तू बसलेली मला दिसशील."

मी खुर्चीच्या मागे उभी होते म्हणून बरं. माझं रडं तिला दिसलं नाही.