कुप्पम्माचा अर्थ

ऊद जळल्याचा वास आला की अजून मला ती सकाळ आठवते. चेन्नईला आम्ही नवीन होतो, लेक तान्ही होती, आणि तिच्याआधीचं आमचं बाळ गेलं होतं, हे मी इथे कुणालाच सांगितलं नव्हतं. शेजारच्या तमिळ आजी तिला न्हाऊ घालायच्या. एकदा उदाच्या धुरावर तिचं जावळ वाळवताना त्या लाडानं म्हणाल्या, “कुप्पम्मा!” मी अर्थ विचारला. “कुप्पै म्हणजे कचरा,” त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, “आधीचं मूल गेलं की आम्ही असं नाव ठेवतो. कचरा कोण उचलून नेणार?” बाळाला मी त्यांच्या हातातून ओढूनच घेतलं. “तुम्हाला कुणी सांगितलं?” मी विचारलं. “कुणी कशाला सांगायला हवं? ती झोपली की तू तिच्या नाकाशी बोट धरून बसतेस. मीही बसायचे.” मग मला माझे आजोबा आठवले, दगडू. त्या नावाला आम्ही नातवंडं खूप हसायचो. त्यांच्या आईनं कुणाकुणाच्या नाकाशी बोट धरलं असेल? आता लेक नोकरीला शहराबाहेर सिरुसेरीच्या आयटी पार्कात जाते, नाव चारचौघींसारखंच आहे. पण तिला यायला उशीर झाला, फोन लागेना, की मी गॅलरीत उभी राहून हळूच हाक मारते, कुप्पम्मा.